योशिवाराचे ऋतू : जपानी छापचित्रे पाहायला शिकताना

जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांकडे नव्याने वळणाऱ्या मराठी वाचकाला बहुधा दोनच गोष्टी आधीपासून ठाऊक असतात: होकुसाईची ती अजस्र लाट आणि कुठल्या तरी दिनदर्शिकेवर पाहिलेला फुजी पर्वत. त्यापुढे जाऊन एखाद्या संग्रहालयाचे संकेतस्थळ उघडले, की समोर स्त्रियांची रीघ लागते. जड, नक्षीदार किमोनो, केसांत पंख्यासारख्या खोवलेल्या पिना, मागे चेरीचा बहर किंवा नुकताच पडलेला बर्फ. पन्नासेक चित्रे झाली की सगळे चेहरे एकसारखे दिसू लागतात आणि पाहणारा कंटाळून खिडकी बंद करतो. माझेही बराच काळ असेच होत असे. पुढे लक्षात आले, की मी चित्राची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करत होतो. या चित्रांत चेहरा सर्वांत शेवटी पाहायचा असतो. आधी जागा, मग महिना, मग वस्त्रे आणि अक्षरे, मग कागद, अशा क्रमाने गेले, तर तोच चेहरा वेगळा दिसू लागतो. पुढील पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : चित्र कुठे घडते ते समजून घ्यावे

या चित्रप्रकाराला उकियो-ए म्हणतात. ‘ए’ म्हणजे चित्र, आणि ‘उकियो’ म्हणजे तरंगते जग. या शब्दात एक श्लेष दडलेला आहे. बौद्ध परंपरेत ‘उकियो’ म्हणजे दुःखाने भरलेला संसार. सतराव्या शतकात शहरी जपानने उच्चार तोच ठेवून लिहिण्याचे अक्षर बदलले, आणि दुःखमय संसाराचे ‘तरंगते जग’ झाले: आज आहे ते भोगावे, पाण्यावरच्या भोपळ्यासारखे वाहत जावे, असे. जुना अर्थ मात्र शब्दातून पुरता गेला नाही, आणि चित्रांतूनही गेला नाही.

स्त्रियांच्या छापचित्रांतील फार मोठा भाग एदोमधील, म्हणजे आजच्या टोकियोतील, योशिवारा या एकाच वस्तीशी बांधलेला आहे. शासनाच्या परवान्याने चालणारी ही गणिकांची वस्ती 1617मध्ये निहोन्बाशीजवळ वसवण्यात आली. 1657च्या भीषण आगीनंतर ती शहराच्या उत्तरेला, असाकुसापलीकडच्या भातखाचरांमध्ये हलवली गेली. भोवती पाण्याचा खंदक आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी एकच मोठा दरवाजा, अशी तिची रचना होती. गिऱ्हाईक त्या दरवाजातून आत जाई आणि बाहेरही येई. आतल्या स्त्रीला ती मुभा नव्हती. गरीब घरांतील मुलींना, त्यांच्या आईबापांना आगाऊ रक्कम देऊन, लहान वयातच वर्षांच्या करारावर येथे आणले जाई. वस्त्रे, अंथरूण-पांघरूण, हाताखालच्या मुलींचा खर्च असे सारे तिच्याच नावावर कर्ज म्हणून चढत असे, त्यामुळे कराराची मुदत अनेकींच्या बाबतीत लांबत जाई. जवळच मिनोवा येथे जोकान-जी हे मंदिर आहे. ज्यांच्या मागे कोणी नव्हते अशा मृत स्त्रियांना तेथे आणून टाकले जाई, म्हणून लोकांनी त्याला ‘नागेकोमि-देरा’, म्हणजे ‘फेकून देण्याचे मंदिर’, असे नाव ठेवले. सुमारे 25,000 स्त्रिया तेथे पुरल्या गेल्याचे मानले जाते. जपानमधील परवान्याची ही पद्धत कायद्याने कायमची बंद झाली ती 1958मध्ये.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की छापचित्रे यातले काही दाखवत नाहीत. ती या वस्तीची जाहिरातही होती. त्सुताया जुझाबुरो (1750–1797) या नामांकित प्रकाशकाने आपले पहिले दुकान योशिवाराच्या दरवाजाशीच थाटले होते, आणि कोणत्या घरात कोणती गणिका आहे हे सांगणाऱ्या मार्गदर्शिका तो छापत व विकत असे. एका छापचित्राची किंमत एक-दोन वाडगे नूडल्स खाण्याएवढी असे. ज्याला योशिवाराच्या दरवाजात पाऊल टाकणे परवडत नव्हते, तोही तिथल्या गणिकेचे चित्र घरी नेऊ शकत होता.

दुसरी पायरी : महिना ओळखावा

या पायरीवर मराठी वाचकाला एक नैसर्गिक सोय आहे, आणि ती वाया घालवू नये. जपानने 1 जानेवारी 1873 रोजी युरोपीय दिनदर्शिका स्वीकारली. तोवर तिथला महिना चांद्र होता, अमावास्येला सुरू होऊन पुढच्या अमावास्येपर्यंत चालणारा, आणि सौर वर्षाशी मेळ बसावा म्हणून मधूनमधून अधिक महिना धरला जात असे. महाराष्ट्रातील पंचांगाची चौकटही हीच. त्यामुळे चित्रातील ‘पहिला महिना’ म्हणजे जानेवारी समजून हिशेब करणाऱ्यांचे सारे गणित चुकते, आपले मात्र सहज जुळते. तो पहिला महिना साधारणपणे आपला माघ असतो, तिसरा महिना चैत्र, आठवा भाद्रपद आणि अकरावा मार्गशीर्ष. अधिक महिन्यामुळे थोडा पुढेमागे फरक पडतो, पण चित्र पाहण्यापुरता हा ताळा पक्का आहे. नववर्षाच्या चित्रात प्लमची फुले का असतात, वसंत इतक्या लवकर का येतो, हे प्रश्न मग पडतच नाहीत.

आता खुणा. पांढरी किंवा गुलाबी फुले काळपट, काटकुळ्या, वाकड्यातिकड्या फांदीवर असतील तर तो प्लम, म्हणजे पहिला-दुसरा महिना. फुलांचे घोस भरगच्च असतील, पाकळीच्या टोकाला बारीक खाच असेल तर ती चेरी, म्हणजे तिसरा महिना. जांभळी आयरिस पाचव्या महिन्याची. काजवे, मच्छरदाणी, गोल कागदी पंखा आणि अंगावरून आरपार दिसणारे झिरझिरीत वस्त्र ही उन्हाळ्याची लक्षणे. बांबूच्या फांदीला बांधलेल्या कागदाच्या पट्ट्या म्हणजे सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीचा तानाबाताचा सण. पूर्ण चंद्र आणि उंच गवताचे तुरे म्हणजे आठव्या महिन्याची पौर्णिमा, जी आपल्या कोजागरीच्या साधारण महिनाभर आधी येते. शेवंती नवव्या महिन्याची, त्यानंतर लाल मेपल आणि शेवटी बर्फ. बर्फ, चंद्र आणि फूल या तिघांना मिळून जपानीत ‘सेत्सुगेक्का’ असा एकच शब्द आहे. तीन चित्रांचा संच दिसला आणि त्यातल्या एकात बर्फ असेल, तर बाकीच्या दोहोंत चंद्र आणि चेरी शोधून पाहावी.

निसर्गाच्या या खुणांच्या जोडीला योशिवाराचे स्वतःचे वार्षिक सोहळे होते, आणि चित्रे समजण्यासाठी ते अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला सोहळा चेरीचा. योशिवाराच्या मधोमध नाकानोचो नावाचा हमरस्ता होता. दर वसंतात, बहर यायच्या सुमारास, बाहेरून चेरीची झाडे आणून या रस्त्याच्या मध्यभागी ओळीने लावली जात, त्यांना बांबूचे कुंपण घातले जाई, रात्री दिवे लावले जात. आणि बहर ओसरला की ती सगळी झाडे उपटून नेली जात. एकदा हे कळले की नाकानोचोच्या बहराचे कोणतेही चित्र पूर्वीसारखे पाहता येत नाही. ज्या स्त्रिया वसंत पाहायला बाहेर जाऊ शकत नव्हत्या, त्यांच्यासमोर वसंत मुळासकट आणून रोवला जात होता, आणि तोही मुख्यतः गिऱ्हाइकांसाठी. सातव्या महिन्यात 1726मध्ये वारलेल्या तामागिकु या लोकप्रिय गणिकेच्या स्मरणार्थ चहागृहांवर कंदील टांगले जात. आठव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला गणिका पूर्ण पांढरी वस्त्रे नेसत, आणि त्याच महिन्यात निवाका हा सोंगे व नाचगाण्यांचा उत्सव भरे. आठव्या महिन्याच्या चित्रात पांढऱ्या वस्त्रातील गणिका दिसली, तर ती शोकात आहे किंवा नववधू आहे असा तर्क करण्याची घाई करू नये.

दिनदर्शिकेचा आणि या कलेचा संबंध याहूनही जुना आणि जवळचा आहे. चांद्र वर्षात काही महिने तीस दिवसांचे, काही एकोणतीस दिवसांचे. कोणते मोठे आणि कोणते लहान, हे दरवर्षी नव्याने पाहावे लागे. 1765मध्ये एदोतील हौशी मंडळींनी एकमेकांना भेट देण्यासाठी अशी चित्रे काढवून घेतली, ज्यांच्या नक्षीत त्या वर्षाच्या महिन्यांचे आकडे लपवलेले होते. सुझुकी हारुनोबूच्या अशाच एका चित्रात अचानक आलेल्या सरीत एक मुलगी वाळत घातलेला किमोनो काढायला धावते आहे. त्या किमोनोच्या नक्षीकडे निरखून पाहिले की मोठ्या महिन्यांचे आकडे एकेक करून सुटे होतात. या हौसेपायी खर्चाला मर्यादा राहिली नाही, अनेक रंगांचे ठसे वापरले गेले, आणि त्यातूनच पूर्ण रंगीत छापचित्र, म्हणजे ‘निशिकी-ए’, जन्माला आले. निशिकी म्हणजे किनखाप.

तिसरी पायरी : वस्त्रे पाहावीत

स्त्रीचा दर्जा ठरवायचा तो चेहऱ्यावरून नव्हे. कमरेच्या रुंद पट्ट्याची, म्हणजे ओबीची, गाठ पुढे बांधलेली असेल, केसांत अनेक लांब पिना असतील आणि सोबत एकसारख्या कपड्यांतील दोन लहान मुली असतील, तर ती वरच्या श्रेणीची गणिका, म्हणजे ‘ओइरान’, हे जवळजवळ निश्चित. त्या लहान मुलींना ‘कामुरो’ म्हणतात, आणि त्याहून थोड्या मोठ्या, लवकरच धंद्यात येणाऱ्या मुलींना ‘शिन्झो’. केवळ पुढच्या गाठीवर विसंबू नये, कारण जुन्या काळी काही विवाहित स्त्रियाही गाठ पुढे बांधत. सगळ्या खुणा एकत्र धराव्यात. गेइशा मात्र वेगळी. तिचा पेशा गायन-वादनाचा. तिच्या ओबीची गाठ मागे, पिना मोजक्या, आणि बहुधा हाताशी शामिसेन हे तंतुवाद्य.

पावलांकडे जरूर पाहावे. योशिवाराच्या गणिका भर थंडीतही पायमोजे घालत नसत. बर्फातल्या चित्रात उंच, काळ्या रंगाच्या लाकडी पादत्राणांवर उघडी पावले दिसतात. जड वस्त्रांच्या घेराखाली बोटांचा तेवढा भाग कोऱ्या कागदाच्या पांढऱ्या रंगातच सोडलेला असतो. प्रेक्षकांना त्यात ऐट दिसत असे. मला प्रत्येक वेळी आधी गारठा दिसतो.

प्रत्येक स्त्री गणिका असते असेही धरून चालू नये. कितागावा उतामारोच्या (सुमारे 1753–1806) 1793च्या सुमाराच्या एका गाजलेल्या चित्रात तीन स्त्रियांची अर्धचित्रे त्रिकोणात मांडलेली आहेत. त्यांतील ओकिता चहाच्या दुकानात काम करणारी, ओहिसा तांदळाच्या कुरकुरीत चकत्या विकणाऱ्या घरची, आणि तोयोहिना गेइशा. तिघींचे चेहरे पहिल्या नजरेला एकच वाटतात. मग कोणाचे नाक किंचित बाकदार, कोणाच्या डोळ्यांचा कोन निराळा, असे केसाएवढे फरक उमगू लागतात. चेहरा शेवटी पाहावा असे मी म्हणतो ते याचसाठी. तोवर नजर तयार झालेली असते.

चौथी पायरी : अक्षरे आणि शिक्के

जपानी वाचता येत नसले तरी कागदावरील मजकुराचे चार भाग ओळखता येतात: मालिकेचे नाव, बहुधा चौकटीत, चित्रकाराची सही, जिच्या शेवटी बरेचदा ‘रेखाटले’ या अर्थाचे 画 किंवा 筆 हे चिन्ह असते, प्रकाशकाचे बोधचिन्ह, आणि सरकारी तपासणीचा शिक्का. गणिकेच्या चित्रात तिच्या घराचे नाव, मग ‘आतली’ या अर्थाचे 内 हे चिन्ह आणि मग तिचे नाव, असा क्रम असतो. ‘ओगिया घराची हानाओगि’ हे त्यातले फार प्रसिद्ध नाव. मात्र हानाओगि ही एकच व्यक्ती नव्हती. घरातील नामांकित नावे गादीसारखी एकीकडून दुसरीकडे जात, त्यामुळे वीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन हानाओगि वेगवेगळ्या स्त्रिया असू शकतात. तिच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत तिच्या दोन कामुरोंची नावे येतात: योशिनो आणि तात्सुता. योशिनो हे चेरीच्या बहरासाठी विख्यात डोंगराचे नाव आणि तात्सुता ही मेपलच्या लाल पानांसाठी विख्यात नदी. नऊ-दहा वर्षांच्या दोन मुलींना तिच्या डाव्या-उजव्या हाताला वसंत आणि शरद करून उभे केलेले होते. त्यांची जन्मनावे चित्रात येत नाहीत.

शिक्क्यांवरून काळ ठरवता येतो. 1790पासून तपासणीची सक्ती झाली आणि ‘किवामे’ हा छोटा गोल शिक्का दिसू लागला. 1842पर्यंत तो चालला. त्या वर्षी झालेल्या कडक सुधारणांत गणिका, गेइशा आणि नट यांच्या चित्रांवरच बंदी आली, जी काही वर्षांनी सैल पडली. 1852नंतरच्या शिक्क्यांत बारा प्राण्यांच्या चक्रातील वर्ष आणि महिना दिलेला असतो, म्हणून त्या काळातील चित्र कोणत्या महिन्यात मंजूर झाले ते नेमके सांगता येते. शासनाची नजर किती बारीक होती, याचा एक दाखला पुरे आहे: तोयोतोमी हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रे काढल्याबद्दल उतामारोला 1804मध्ये शिक्षा झाली आणि पन्नास दिवस त्याचे हात बेड्यांत राहिले. त्यानंतर दोन वर्षांतच तो वारला.

पाचवी पायरी : कागद आणि ठसा

सही चित्रकाराची असते, पण चित्र चौघांचे असते. प्रकाशक पैसा आणि कल्पना पुरवी, चित्रकार पातळ कागदावर रेषा काढी, कोरणारा तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवून कोरी, आणि छापणारा शेवटचा हात फिरवी. मूळ रेखाचित्र कोरतानाच नष्ट होत असे. प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. सगळे रंग एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कडेला ‘केंतो’ नावाच्या दोन खाचा असत, एक कोपऱ्यात काटकोनी आणि एक सरळ. कागद दर वेळी याच खाचांना टेकवायचा. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातली देवदेवतांची चित्रे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना रंगागणिक वेगळा दगड ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे यंत्राचा दाब नव्हता. ओला केलेला कागद फळीवर ठेवून, बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या ‘बारेन’ या चपट्या गोल साधनाने हाताने घासायचा.

म्हणून या चित्रांचा पृष्ठभाग वाचण्याजोगा असतो, आणि संगणकाच्या पडद्यावरही चित्र पुरेसे मोठे केले तर त्यातले पुष्कळ दिसते. कपाळावर केस जिथे सुरू होतात ती रेघ पाहावी. एका मिलिमीटरच्याही आत कित्येक सुटे केस असतात, आणि ते शाईने काढलेले नसून लाकडात उभे ठेवलेले असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कोरून काढलेले असते. हे काम कोरणाऱ्यांमधील सर्वांत मुरब्बी माणसाकडे जाई. पांढऱ्या किमोनोवर किंवा बर्फावर रंग न लावताच दाबून उठवलेली नक्षी दिसली तर ते ‘काराझुरी’. आकाशाचा निळा रंग वरून खाली विरत गेला असेल तर ते ‘बोकाशी’; फळीवरचा रंग ओल्या कपड्याने पुसत पुसत दर प्रतीला नव्याने साधलेले. उतामारोच्या अर्धचित्रांमागचा चंदेरी पट म्हणजे अभ्रकाची पूड. तो छायाचित्रात करडा आणि मेलेला दिसतो. कागद हातात धरून किंचित तिरका केला की स्त्रीचे डोके उजेडातून पुढे येते.

रंगांबद्दल एक सावधगिरी. हारुनोबूच्या काळातला निळा एका रानफुलाच्या रसाचा असे, आणि तो उजेडाने व ओलाव्याने उडून जातो. जांभळ्याचा तपकिरी होतो. आज ज्याला आपण जपानी चित्रांची मवाळ, मातकट रंगसंगती म्हणतो, ती पुष्कळदा दोनशे वर्षांच्या उन्हाची करणी असते. गडद, टिकाऊ प्रशियन निळा 1830च्या सुमारास मुबलक झाला, आणि होकुसाई व हिरोशिगे यांची आकाशे व पाणी त्यावर उभी आहेत.

सहावी पायरी : एक चित्र पुरेसा वेळ देऊन पाहावे

उतागावा हिरोशिगेने (1797–1858) आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ ही मालिका केली. ती 1856पासून प्रसिद्ध होत गेली आणि नंतर तिची अनुक्रमणिका वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा अशा ऋतूंत लावण्यात आली. हिवाळ्याच्या विभागात ‘असाकुसाची भातखाचरे आणि तोरिनोमाची जत्रा’ हे चित्र आहे. शिक्का 1857च्या अकराव्या महिन्याचा, म्हणजे आपल्या हिशेबाने मार्गशीर्षाचा.

चित्रात माणूस नाही, निदान जवळ तरी नाही. खिडकीत एक पांढरे मांजर पाठ गोल करून बसले आहे आणि लाकडी गजांमधून बाहेर बघते आहे. बाहेर सपाट भातखाचरे, पलीकडे फुजी, क्षितिजावर लालसर उजेड आणि आकाशात पक्ष्यांचा थवा. खाचरांतून मुंग्यांच्या रांगेएवढी बारीक माणसे चालली आहेत, आणि नीट पाहिले तर त्यांच्या हातांत उंच धरलेली दाताळी आहेत. अकराव्या महिन्यातील कोंबड्याच्या दिवशी असाकुसाजवळच्या देवळात जत्रा भरे. सुदैव ओढून आणणारे म्हणून सजवलेले दाताळे तिथून विकत आणायची रीत होती, आणि ती आजही आहे.

आता खोलीत परत यावे. खिडकीच्या कट्ट्यावर एक वाडगा आणि एक टॉवेल. डाव्या कडेला पडद्याचा केवळ काठ दिसतो, आणि जमिनीवर, कागदातून अर्धवट बाहेर आलेल्या, केसांत खोवायच्या पिना. पिनांच्या टोकांना दाताळ्याचा आकार आहे. कोणीतरी जत्रेहून आला, येताना हे घेऊन आला, आणि या क्षणी पडद्याच्या पलीकडे आहे. ही खोली योशिवारातली. जत्रेच्या दिवशी वस्तीचे एरवी बंद असणारे दरवाजेही उघडले जात आणि गर्दी आत लोटे. अशा सणाच्या दिवशी गिऱ्हाईक मिळवणे गणिकेवर बंधनकारक असे.

गणिकेचे हे मला ठाऊक असलेले सर्वांत खरे चित्र आहे, आणि त्यात गणिका दिसत नाही. ऋतू गजांच्या बाहेर आहे, आत आलेली आहे ती त्याची पिनेएवढी नक्कल. मांजराच्या अंगावर रंग नाही. चांगल्या प्रतीत त्याच्या पाठीची गोलाई काराझुरीने कागदातूनच उठवलेली दिसते. पहिल्या दिवशी या एकाच चित्राला अर्धा तास द्यावा, आणि मग उतामारोच्या ‘योशिवाराचे बारा प्रहर’ या मालिकेतील मध्यरात्रीनंतरचे, बैलाच्या प्रहराचे, चित्र उघडावे. तिथे एक गणिका झोपेतून उठून, एका हातात पेटती कागदी वात आणि दुसऱ्या हातात मऊ कागद घेऊन, पायाने चाचपडत सपाता घालते आहे. तिच्याकडे पाहणारे त्या क्षणी कोणी नाही.

पाहणे, विकत घेणे, जपणे

पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात जपानी छापचित्रांचा पन्नास हजारांहून मोठा संग्रह आहे. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आणि ब्रिटिश म्युझियम यांनीही आपली चित्रे संकेतस्थळांवर मोठ्या आकारात ठेवली आहेत. टोकियोला जाणे झाले तर हाराजुकुमधील ओता स्मारक संग्रहालय केवळ उकियो-एसाठी आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या जपानी वस्तू आहेत. चित्रांतील लाखकाम आणि भांडी कशी असत, याची कल्पना तिथे येते.

विकत घ्यायचे असेल तर तीन शब्द आधी पक्के करावेत: त्या काळची मूळ प्रत, त्याच फळ्यांवरून नंतर काढलेली प्रत, आणि नव्या फळ्या कोरून केलेली हस्तमुद्रित प्रतिकृती. तिसरी वस्तू फसवणूक नसते. टोकियोतील अदाची संस्थेसारख्या कार्यशाळा आजही जुन्या पद्धतीने अशा प्रती छापतात, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उतामारोचे रंग ताजे असताना कसे दिसत असतील ते त्यांतूनच कळते. फसवणूक असते ती यंत्रावर छापलेले चित्र लाकडी ठशाचे म्हणून विकण्यात. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. रंगाच्या जागी ठिपक्यांची सुबक जाळी दिसली, तर ते ठशाचे काम नव्हे. एका दुकानात मी ‘जुनी प्रत’ म्हणून आनंदाने घेतलेला कागद घरी भिंगाखाली धरला आणि संपूर्ण किमोनोवर तीच जाळी पसरलेली दिसली. कागद उलटून पाठही पाहावी: हाताने छापलेल्या चित्रात रंग तंतूंमधून मागे झिरपलेला असतो आणि बारेनच्या गोलाकार घासण्याच्या खुणा राहतात. आकारही मोजावा. ‘ओबान’ हा सर्वांत प्रचलित आकार साधारण 39 बाय 26 सेंटिमीटर असतो. त्याहून बराच लहान असेल तर कडा कापल्या गेल्या आहेत का, ते विचारावे.

घरी आणलेले चित्र भिंतीवर कायमचे लावू नये. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, म्हणून ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सपाट, लोखंडी वा लाकडी कपाटात थेट न ठेवता आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवावे, आणि श्रावण संपल्यावर एकदा उघडून तपासावे. लावायचेच असेल तर अतिनील किरणे अडवणाऱ्या काचेमागे, खिडकीसमोर नसलेल्या भिंतीवर, दोन-तीन महिन्यांपुरते. बोस्टनच्या संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी 1921मध्ये सुमारे साडेसहा हजार चित्रे दिली, ती कधीही भिंतीवर मांडायची नाहीत या अटीवर. ती अट पाळली गेली, आणि म्हणून त्या संग्रहातील रानफुलाचा निळा अजून निळा आहे.